शेवरीखालची झोप

दुपारचं जेवण झालं की तो दुकानाचं दार अर्धं ओढून घ्यायचा, इस्त्रीचं बटण बंद आहे ना ते पुन्हा एकदा बघायचा, आणि मागच्या अंगणात जाऊन शेवरीच्या झाडांखाली आडवा व्हायचा. खाली पालापाचोळ्याचा जाड थर. वर शेवरीची बारीक पानं, इतकी बारीक की ऊन त्यांतून गाळून यायचं आणि अंगावर पोचेपर्यंत त्याचा चटका निघून गेलेला असायचा. डोळा लागायला वेळ लागत नसे. आणि डोळा लागला की ती यायची.

अगदी गाढ झोपेत नाही. झोप आणि जाग यांच्यामध्ये जी एक पातळ जागा असते ना, तिथे. आधी पाचोळ्यावर पावलं वाजायची. मग ती दिसायची. कपड्यांवरून त्याचाच जुना शर्ट चढवलेला, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. हातात काहीतरी असायचंच, कधी खुरपं, कधी भोपळ्याचं फूल, कधी नुसती मूठभर माती. फार बोलायची नाही. "जेवलात?" म्हणायची. तो म्हणायचा, "मीठ जास्त पडलं आज." ती म्हणायची, "मग पाणी प्या." की संपलं. त्यात काय एवढं, असं कुणी म्हणेल. पण ज्याचं माणूस गेलंय त्याला विचारा. त्या एका "जेवलात?"साठी तो सकाळपासून इस्त्री रेटत असायचा.

गल्लीत त्याला सगळे कडक म्हणायचे. खरं नाव कधीच मागे पडलं होतं. त्याच्या हातची पँट जमिनीवर ठेवली तर आत माणूस नसतानाही उभी राहील, असं गिऱ्हाईकं म्हणायची. स्वभावाने मात्र तो लोण्यासारखा. धंद्यात तेवढे त्याचे दोन नियम पक्के होते. एक, कपडा जसा आला तसाच गेला पाहिजे. सुरकुती काढायची, बाकी त्याच्या अंगाला हात लावायचा नाही. बाही लांब असली तर लांब, बटण विजोड असलं तर विजोड. आणि दुसरा, न्यायला कुणी आलं नाही म्हणून कपडा टाकायचा नाही, कुणाला द्यायचा नाही. कागदात बांधून वरच्या फळीवर ठेवायचा. माणूस आज नाही तर उद्या येईल. ती फळी छतापर्यंत भरली होती. बायको हसायची. "तुमच्या फळीवर अर्धं गाव झोपलंय," म्हणायची.

ते अंगण पूर्वी सगळं फरशीचं होतं. फरशीवर दोऱ्या, दोऱ्यांवर गल्लीभरचे कपडे, आणि धुण्याचं पाणी सरळ गटारात. एके दिवशी तिने पहारीने एक फरशी उचकटली.

"हे काय गं?"

"एकच काढतेय हो. पुदिना लावते."

मग त्या उघड्या जागेला एकटं वाटेल म्हणून शेजारची काढली. मग तिच्या शेजारची. असं करत करत एक दिवस तो दोरीवर चादर टाकायला गेला तर उभं राहायला फरशीच नव्हती. पायाखाली रताळ्याचा वेल पसरला होता. जमीन उघडी ठेवायची नाही, असं ती म्हणायची. उघडी जमीन म्हणजे पांघरूण ओढून घेतलेलं पोर. पाचोळा, पुठ्ठे, भाजीची देठं, फाटकी सुती फडकी, सगळं ती जमिनीवर अंथरायची आणि म्हणायची, "चला, जेवण वाढलं."

पुढे तिची नजर धुण्याच्या पाण्यावर गेली. "तुमच्या पावडरीने गांडुळं मरतात."

"आणि तुझ्या रिठ्याने गिऱ्हाईकं मरतील."

गिऱ्हाईकं काही मेली नाहीत. रिठ्याने धुतलेले कपडे मऊ यायला लागले, त्यासाठी गिऱ्हाईकं परत यायला लागली. धुण्याचं पाणी तिने खडी भरलेल्या चरातून कर्दळीच्या वाफ्यात सोडलं, तिथून ते निवळून केळीच्या खड्ड्यात जायचं. गल्लीच्या मळावर केळी पोसल्या. घड उतरला की प्रत्येक घरी फणी जायची, आणि समोरचा गॅरेजवाला दरवेळी केळं नाकाशी धरून विचारायचा, "कडक, ह्याला माझ्या ग्रीसचा वास कसा नाही आला रे?"

कडक स्वतः मातीत हात घालायचा नाही. घालून चालणारच नव्हतं. पांढऱ्या शर्टावर काळं बोट उमटलं की संपलं. त्यामुळे मातीचा हात आणि पांढरा शर्ट एकाच घरात गुण्यागोविंदाने नांदले, पण एकमेकांना शिवले नाहीत. भांडण झालंच तर तुतीवरून. पक्षी तुती खायचे आणि दोरीवरच्या कपड्यांवर जांभळे शिक्के मारून जायचे. तो चिडायचा. ती म्हणायची, "त्यांनी पावती दिली हो." आणि तिचा तो बागेतला शर्ट, तोही त्याने एकदा धुऊन कडक करून ठेवला होता. "ह्या शर्टाला परत इस्त्री लावाल तर खबरदार," म्हणाली. "वाकताच येत नाही त्यात."

तिने शेवटचं लावलं ते अंजीर. एक वीतभर काडी कुठून तरी आणली होती. तेव्हा तिला दम लागायला सुरुवात झाली होती. दोनदा खुरपं मारायचं आणि टेकायचं, असं करत तिने ती काडी लावली आणि सभोवार शेवरीचं बी टोकलं. "अंजीर खायचंय मला," म्हणाली. "बाजारातलं नाही. झाडावर पिकून उन्हाने फुटलेलं." त्याने दारातून बघितलं आणि हो म्हटलं. हिवाळ्यात ती गेली.

तेव्हापासून तो बाग सांभाळत होता. सांभाळायची पद्धत त्याला एकच येत होती. जसं आलं तसं. तिने पालथी घालून ठेवलेली कुंडी त्याने पालथीच ठेवली. खुरपं जिथे रोवलेलं होतं तिथेच गंजत राहू दिलं. फांदी मोडली तर चिंधीने बांधली. पाणी रोज घालायचा, वाफ्यांच्या कडेला उभं राहून, लांबून, देवळात उभं राहावं तसं. कात्री, कोयता यांना हात नाही. माणूस आपलं बोचकं ठेवून गेलंय, आपण ते सोडायचं कसं?

पण शर्ट फळीवर ठेवला की तो वाढत नाही. शेवरी वाढते. आणि कशी वाढते! उन्हाळाभर ती चढत होती, पावसाळ्यात तर तिने ताळच सोडला. भिंतीवरून गेली, पत्र्यावरून गेली. अंगणात हिरवा, हलता अंधार झाला. दुकानातून मागे आलं की पाण्याखाली उतरल्यासारखं वाटायचं. आवाज लांब जायचे. मोटारसायकलींचा, भांड्यांचा, कुणाच्या तरी रेडिओचा. त्या गारव्यात पहिल्या दुपारी तो सहज टेकला होता, आणि पहिल्यांदा ती आली होती.

पावसाळा सरला आणि मेहुणी आली. बायकोची धाकटी बहीण, बसमध्ये कंडक्टर. सुट्टीच्या दिवशीसुद्धा खाकी पँट घालून यायची, कारण तिच्या मते तेवढे खिसे दुसऱ्या कशालाच नसतात. बागेचं वेड दोघी बहिणींचं. फोनवर तासन्‌तास बोलायच्या, आणि ऐकणाऱ्याला वाटावं की कुणाच्या तरी बाळंतपणाबद्दल चाललंय.

ती अंगणात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मग आतून हाक आली. "भाऊजी, अंजीर कुठंय?"

"आहे की."

"आहे? मला शोधावं लागलं."

तो गेला. ती झाडांच्या मधोमध उकिडवी बसली होती. अंजीर तिच्या खांद्याएवढं झालं होतं, पण काडीसारखं. एका बाजूला, जिकडून थोडा उजेड येत होता तिकडे, मान ताणून उभं होतं. पानं मोजकी, फिकट, त्यांवर तांबूस ठिपके.

"हे असं का झालं?" तो म्हणाला. "पाणी घालतो मी रोज."

"पाणी नाही, ऊन पाहिजे त्याला. ताईने शेवरी कशाला लावली होती?"

"सावलीला."

"लहान होतं तोवर सावलीला. अहो, ह्या आया आहेत, आया! बाळावर सावली धरायची, जमिनीत खत सोडायचं, आणि बाळाच्या अंगात जोर आला की ह्यांना छाटायचं, पाला त्याच्याच बुडाशी अंथरायचा. एकदा नाही, फुटल्या की परत. कापायलाच लावल्यात त्या. ताईचं अर्धं काम राहिलंय हे."

"मी नाही कापणार."

"मी कापते. कोयता कुठंय?"

"नको. तिच्या हातची झाडं आहेत ती."

"आणि अंजीर काय माझ्या हातचं आहे?"

तो शर्टाच्या बटणाशी चाळा करत उभा राहिला. ती उठली, गुडघे झटकले आणि आवाज जरा खाली आणला. "आत्ता ऊन मिळालं तर थंडीच्या आत फुटेल. नाहीतर बुडापासून जाईल, भाऊजी. खोड आताच मऊ लागतंय."

"बघू."

"काय बघू? तुम्ही बाग सांभाळत नाही आहात, बागेला इस्त्री करताय. अडलंय तरी काय?"

"दुपारी जरा पडायला बरं वाटतं इथे."

"पडायला? घरात खाट काय मांजरासाठी ठेवलीय?"

आणि मग तिचं लक्ष खाली गेलं. पाचोळ्यात एक खळगा होता. माणसाच्या मापाचा, डोक्याच्या जागी जास्त दबलेला, रोजच्या निजण्याने गुळगुळीत झालेला. ती त्याच्याकडे बघत राहिली. बसमध्ये ती दिवसभर माणसं बघायची, तिला बरंच कळायचं.

"येते का?" तिने विचारलं.

त्याने मान हलवली.

"रोज?"

"बहुतेक."

पानं हलली, तिच्या खाकी खांद्यावर उजेडाचे ठिपके सरकले. "मला नाही येत," ती म्हणाली. "एकदाही नाही आली. मी तिची सख्खी बहीण."

त्याला काय करावं ते सुचेना. मग त्याला एकच गोष्ट देण्यासारखी वाटली. "झोप इथे," तो म्हणाला. "मी दुकानात बसतो."

"वेडे आहात का?"

"झोप गं. गार आहे."

ती आढेवेढे घेत आडवी झाली. तो दुकानात येऊन एकच उशीचा अभ्रा दोनदा इस्त्री करत बसला. मागून घोरणं ऐकू आलं. बऱ्याच वेळाने ती केसांत पानं अडकलेल्या अवस्थेत बाहेर आली. त्याने इस्त्री बाजूला ठेवून तिच्याकडे बघितलं.

"काही नाही," ती म्हणाली. "स्वप्नातही बसमध्येच होते. सगळी बस भरलेली आणि एकही जण तिकीट काढायला तयार नाही."

दोघंही हसले. हसता हसता तिने डोळे पुसले. निघताना तिने माळ्यावरून कोयता शोधून काढला, दगडावर घासला आणि अंगणाच्या दाराशी टेकवून ठेवला. "कमरेएवढं खोड ठेवा," म्हणाली. "पाला बुडाला चिकटवू नका, वीतभर लांब. बाकी तुमचं तुम्ही बघा. मी परत बोलणार नाही." पायरी उतरताना परत बोललीच. "पुढे सरका जरा, भाऊजी."

कोयता तिथेच राहिला. तो रोज त्याला ओलांडून झोपायला जायचा.

आता मात्र झोपेला एक टोचणी लागली. ती यायची, पण आधीसारखी त्याच्याकडे यायची नाही. पावलं वाजायची आणि वळायची. एका दुपारी ती अंजिराशी पाठमोरी बसलेली दिसली. दोन्ही हातांनी दंड धरले होते.

"किती गार आहे हो इथे," ती म्हणाली.

"शेवरीमुळे," तो जरा अभिमानाने म्हणाला.

तिने मागे वळून बघितलं नाही. तो जागा झाला तेव्हा त्याच्या छातीवर एक पान पडलं होतं. अंजिराचं. मोठं, पंज्यासारखं, पिवळं. त्याने ते उचललं आणि खिशात ठेवलं, आणि संध्याकाळभर त्याला खिसा जड लागत राहिला. कापलं नाही तर झाड जाणार, कापलं तर ती जाणार. गिऱ्हाईक बोलत असायचं आणि ह्याचं लक्ष नसायचं. गॅरेजवाल्याच्या शर्टाच्या एका बाहीला त्याने इस्त्रीच्या दोन कडा पाडल्या. आयुष्यात पहिल्यांदा.

"कडक," गॅरेजवाला बाही वर करून म्हणाला, "मला आता हवालदार केलास का रे?"

अशात एका सकाळी दुकानाच्या दारात एक गोल माणूस येऊन उभा राहिला. दाढी पांढरी, चेहरा भट्टीपुढे शेकलेला. "ओळखलंस?"

कडकने ओळखलं नाही.

"बोटीवरचा आचारी! तुझ्याकडे माझा पांढरा कोट दिला होता, इस्त्रीला. दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं आणि मी तसाच बोटीवर चढलो. मग काय, इकडची बोट, तिकडची बोट. आज ह्या गल्लीतून चाललो होतो, तुझी पाटी दिसली. गंमत म्हणून विचारतो. तो कोट अजून असणार नाहीच म्हणा."

कडकचा चेहरा उजळला. कितीतरी दिवसांनी. तो स्टुलावर चढला. खालच्या गठ्ठ्याला हात लावावा लागला नाही, त्याला जागा माहीत होती. धूळ फुंकली, दोरा सोडला, कागद उलगडला. कोट दिला होता तसाच पांढरा, कॉलर ताठ, घडी अशी की बोट कापावं.

"अरे देवा!" आचारी म्हणाला. "हा माझा होता तेव्हा मला कंबर होती."

"जसा दिलात तसाच आहे," कडक म्हणाला.

"घालून बघतो. एक हात तरी जाईल." आचाऱ्याने कोट खांद्यांपाशी धरून झटकला.

आवाज मोठा झाला नाही. कागद फाटावा तेवढाच. कोट घडीच्या रेषेवर उभा चिरला, मग आडव्या घडीवर, मग बाहीवर. जिथे जिथे कडकने आपल्या हाताने कड पाडली होती, बरोबर तिथे तिथे. बाकीचं कापड धडधाकट होतं. आचाऱ्याच्या हातात तुकडे राहिले, आणि ते तुकडे अजूनही पांढरेशुभ्र होते.

"असं कसं?" कडक म्हणाला. "मी हात लावला नाही त्याला. इतक्या वर्षांत एकदाही उलगडला नाही."

"तेच झालं ना मग," आचारी सहज म्हणाला. "घडीत राहिला. अंगावर असता तर कोपरावर विटला असता, पण असा तुटला नसता. अरे, तोंड पाडू नकोस! मी काय भांडायला आलोय? तू ठेवलास हेच खूप झालं." त्याने एक तुकडा खांद्यावर फडक्यासारखा टाकला आणि म्हणाला, "हा कढई उतरवायला चालेल," आणि हसत निघून गेला.

कडक बाकीचे तुकडे घेऊन उभा राहिला. पुढच्या गिऱ्हाइकाने दोनदा हाक मारली. "आहे का कुणी आत?" गिऱ्हाईक म्हणालं, आणि कपडे फळकुटावर ठेवून गेलं. कडकने ते तुकडे पुन्हा कागदात बांधायला घेतले, आणि थांबला. मग तसाच मागे गेला. तो हिरवा अंधार होता, गार, हलता. खळगा होता. त्याने खळग्यात पाऊल ठेवलं नाही. तुकडे घेऊन तो केळीच्या खड्ड्याशी गेला आणि ते आत टाकले, जिथे फाटकी सुती फडकी टाकायची असतात तिथे. तसा विचार करून केलं असंही नाही. हात गेला.

मग त्याने कोयता उचलला.

पहिल्या झाडाशी तो बराच वेळ उभा होता. काहीतरी बोलावं असं वाटलं, पण बोलायला सुचेल तर शपथ. "अगं," एवढंच तोंडातून आलं. मग त्याने कमरेला हात लावून माप घेतलं आणि घाव घातला. शेवरीचं लाकूड इतकं मऊ असेल असं त्याला वाटलं नव्हतं. एका घावात अर्ध्यावर गेलं, दुसऱ्या घावात झाड वाकलं आणि सळसळत, सावकाश, कुणी थकून आडवं व्हावं तसं खाली आलं. आणि जिथून ते खाली आलं तिथे आकाश होतं. पत्र्याच्या काठापासून तुतीच्या शेंड्यापर्यंत, सबंध. तो बघतच राहिला. पाण्याखालून डोकं वर काढल्यावर आवाज जसे एकदम जवळ येतात तसे गल्लीचे आवाज आले.

दुसरं झाड, तिसरं. सगळी. घामाने सदरा पाठीला चिकटला. मग तो फांद्या तोडायला बसला आणि त्या अंजिराच्या सभोवार अंथरू लागला, बुडापासून वीतभर सोडून. सगळे बुंधे एका दिशेला, सगळे शेंडे एका दिशेला, कडेला कड. शेवटी हाताने दाबून सपाट केलं. हात मातीने कोपरापर्यंत काळे झाले होते. त्या दिवशी तो दुकानात परत फिरकलाच नाही.

दुपारी तो सवयीने बाहेर आला. खळगा आता उन्हात होता. तो झोपला, पण डोळ्यांवर ऊन, कपाळावर ऊन. कूस बदलली, हात आडवा घेतला. शेवटी उठून आत खाटेवर गेला. खाटेवर झोप लागली, गाढ, काळी, रिकामी. उठला तेव्हा चहाची वेळ टळून गेली होती आणि कुणीही येऊन गेलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशीही नाही. त्या आठवड्यात नाहीच.

आणि वर अंजिराने दगा दिला. सवय नसलेल्या उन्हाने त्याची पानं कडेकडेने करपली, वळली, आणि एकेक करत गळून पडली. राहिली एक करडी काडी. दोन्ही गेलं. झाडही गेलं आणि तीही. त्याने मेहुणीला फोन लावला. मागे बसची घंटा वाजत होती.

"मेलं ते," तो म्हणाला.

"कोण मेलं? नीट सांगा! अहो मागे चला, मागे जागा आहे. तुम्हाला नाही, भाऊजी."

"अंजीर. सगळी पानं गेली. मी कापलं म्हणून मेलं."

"कापलं तुम्ही?" ती म्हणाली, "नखाने जरा साल खरवडा. आत कसं दिसतंय?"

तो फोन कानाला लावूनच अंगणात गेला. नख लावायचं त्याच्या जिवावर आलं. हळूच खरवडलं. करड्या सालीखाली ओली रेघ उमटली, हिरवीगार.

"हिरवं आहे," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

"मग रडताय कशाला? पाणी घाला आणि गप्प बसा."

ती सुट्टीला आली तेव्हा त्याने अंथरलेला पाला बघून तिथल्या तिथे खाली बसली आणि पोट धरून हसली. "भाऊजी, हा पाला आहे का रुमालांची चळत? ताई बघती तर पहिल्यांदा विस्कटून टाकती."

"मग विस्कट."

"नको. राहू दे. तुमच्या हातचा आहे."

तो आता सकाळीच बागेत असायचा. ऊन मोकळं झाल्यावर कामं दिसू लागली होती. रताळ्याचा वेल अंगणभर धावत सुटला होता, मुळ्याच्या शेंगा वाळून बी खुळखुळत होतं, कर्दळीच्या चरात गाळ साचला होता. तो गाळ त्याने हाताने काढला. नखांत माती जायची. दुकान उघडायच्या आधी ती रिठ्याने आणि ब्रशने घासून काढायची, पांढऱ्या शर्टाआधी पांढऱ्या कागदावर बोट उमटवून बघायचं, ही नवी पद्धत बसली. शेवरीच्या खोडांना फूट आली तेव्हा त्याने ती बघितली, आणि वाढू दिली, आणि वाढल्यावर छाटली. दुपारी तो खाटेवर झोपायचा. काही दिवशी तर झोपायचं राहूनही जायचं.

ती आली नाही. हे त्याच्या लक्षातून सुटलं नाही, रोज जाणवायचं. जेवण झालं की कान आपोआप लागायचे. मग ताट घासायला उठायचा.

थंडीची चाहूल लागली तेव्हा अंजिराच्या टोकाला एक टोकदार कोंब आला. आधी त्याला वाटलं काटाच आहे. मग तो सुटला आणि त्यातून एक पान निघालं, घडी घातलेलं, सगळीकडून चुरगळलेलं. कडक त्याच्याकडे धंद्याच्या नजरेने बघत राहिला. इतका चुरगळलेला कपडा त्याच्याकडे कधी आला नव्हता. त्याला काही करायचं नव्हतं. ऊन करत होतं. रोज थोडी घडी मोडत होती, रोज थोडी सुरकुती जात होती.

एका दुपारी तो पाणी घालून अंजिराशी उकिडवा बसला. पान पूर्ण उघडलं होतं, जाड, खरखरीत, हिरवं. डोक्यावर ऊन तापलं होतं. समोर मातीवर त्या पानाची सावली पडली होती, पंज्याच्या आकाराची. तेवढ्या जागेत दुसरी सावली नव्हती. त्याने मातीचा हात पुढे केला आणि तिच्यात ठेवला. हात बरोबर मावला. जरा गार लागलं.

"अगं," तो म्हणाला. टक्क जागा होता तो, आणि शेजारी ऐकतील एवढ्या मोठ्याने म्हणाला. "पान आलंय."

पलीकडे गॅरेजात कुणीतरी हातोडा घालत होतं. तो थोडा थांबला, जसं बोलणाऱ्याने थांबायचं असतं तसा. मग त्याने तिला मुळ्याच्या बियांचं सांगितलं, चराच्या गाळाचं सांगितलं, तिची बहीण बसमध्ये कशी ओरडते ते सांगितलं. बोलता बोलता सावली त्याच्या हाताखालून सरकली, तसा त्यानेही हात थोडा सरकवला.